कँबोर्न ते लिंडन: खाण, लढाई आणि शेत यांच्या मधल्या जागा

माझ्या विहीणबाईंचे खापरपणजोबा १८४८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, आई आणि भावंडांबरोबर कॉर्नवॉलमधल्या कँबोर्नहून अमेरिकेत आले. इंग्लंडच्या नकाशात नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेलं जे टोक दिसतं, ते कॉर्नवॉल. तिथला पिढीजात धंदा कथील आणि तांब्याच्या खाणींचा. १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक बुडालं, धान्य महागलं आणि खाणवाल्यांची घरंच्या घरं बाहेर पडली. या मुलाचे वडील दोन वर्षं आधीच विस्कॉन्सिनच्या शिशाच्या खाणींत पोचले होते. मुलगा मोठा होऊन त्याच खाणींत उतरला, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं शिपाई झाला आणि उरलेलं आयुष्य शेतकरी म्हणून जगला.

घरात ही हकिकत एका दमात सांगतात: खाण खणली, देशासाठी लढले, शेत केलं. ऐकायला छान वाटतं. पण माणूस एक धंदा सोडून दुसरा उगाच धरत नाही. काहीतरी त्याला ढकलतं. ते काय होतं, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. या जूनमध्ये जावयांची रजा, नातीची सुट्टी आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून विहीणबाईंनी मागवलेली त्या शिपायाच्या पेन्शनच्या फाइलची प्रत, असं सगळं एकदम जुळून आलं. फाइल त्यांनी चाळली होती, पण जुनं वळणदार हस्ताक्षर त्यांना लागत नव्हतं. मी साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर मोडी शिकले. न लागणाऱ्या अक्षराशी बसून राहायची मला सवय आहे. दिवसा गावं पाहायची आणि रात्री फाइल वाचायची, असं आम्ही ठरवलं.

शनिवार: शिकागो ते गलीना

शिकागो मागे पडलं की बराच वेळ मक्याची सपाट शेतं लागतात. मग एकाएकी रस्ता वळायला आणि चढायला लागतो. हिमयुगातले प्रचंड बर्फाचे थर आजूबाजूचा सगळा मुलूख घासून सपाट करून गेले, पण हा तुकडा त्यांच्या तावडीतून सुटला. म्हणून इथे टेकड्या आहेत, घळी आहेत, आणि चुनखडीच्या भेगांत साठलेलं शिशाचं खनिज जमिनीच्या अगदी जवळ राहिलं. या सगळ्या हकिकतीचा पाया हाच आहे.

गलीना हे इलिनॉय राज्यातलं नदीकाठचं गाव. लाल विटांची जुनी पेठ जशीच्या तशी उभी आहे. एकेकाळी मिसिसिपीवरून येणाऱ्या आगबोटी इथे लागायच्या आणि शिसं भरून जायच्या. यादवी युद्ध सुरू व्हायच्या आधी, पुढे उत्तरेचा सरसेनापती झालेला युलिसिस ग्रँट इथे वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करत होता. युद्ध जिंकून परतल्यावर गावानं त्याला दिलेलं घर आज संग्रहालय आहे. आम्ही ते पाहिलं, पण मन तिथे फारसं गुंतलं नाही.

मन गुंतलं ते दुसऱ्याच गोष्टीत. गोरे खाणवाले यायच्या कितीतरी आधीपासून इथले हो-चंक, सॉक आणि मेस्क्वाकी लोक हे शिसं काढत होते. खोदण्याचं आणि वितळवण्याचं पुष्कळसं काम बायका करत. १८२० च्या दशकात खाणवाल्यांची झुंबड उडाली आणि त्यांनी सरळ हो-चंक लोकांच्या जमिनीत खड्डे घेतले. १८२७ मध्ये रेड बर्ड या त्यांच्या पुढाऱ्यानं प्रतिकार केला आणि अखेर स्वतःला सैन्याच्या ताब्यात दिलं. तो कैदेतच मेला. १८२९ च्या तहानं शिशाचा मुलूख त्यांच्या हातून गेला, आणि १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर (ब्लॅक हॉक हा सॉक लोकांचा पुढारी) विरोध करणारं कुणी उरलं नाही. विहीणबाईंच्या वंशावळीच्या मोठ्या कागदावर पहिली ओळ १८४६ ची आहे. जेवताना मी त्यांना म्हटलं, या ओळीच्या वर आणखी एक ओळ हवी. त्यांनी लगेच पेन्सिल काढली आणि वरच्या समासात लिहिलं: १८२९, हो-चंक. त्यांचा हा मोकळेपणा मला फार आवडला.

रात्री पाकीट उघडलं. जाडजूड फाइल. सगळ्यात वर विधवेचे कागद आणि सगळ्यात जुने तळाशी. म्हणजे आम्हाला ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावी लागणार होती.

रविवार: प्लॅटव्हिल

गलीनाहून उत्तरेला विस्कॉन्सिनमध्ये शिरलं की दुरून एका टेकडीवर पांढऱ्या दगडांचं भलंमोठं इंग्रजी 'एम' अक्षर दिसतं. खाणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते रचलं. त्याच्या जवळचं गाव प्लॅटव्हिल. इथे १८४५ सालची बेव्हन्स नावाची शिशाची खाण आहे आणि तिच्यात उतरता येतं.

आता पायऱ्या आहेत, दिवे आहेत. तरी खाली पोचल्यावर थंडीनं अंग शहारलं. बाहेर जून महिना आणि आत बारमाही अकराएक अंश. भिंतीवर पहारीचे आणि छिन्नीचे व्रण जिथल्या तिथे आहेत. वाटाड्यानं क्षणभर दिवे घालवले आणि एक मेणबत्ती लावली. खाणवाला फेल्टच्या टोपीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यात मेणबत्ती खोचायचा. तेवढ्या उजेडात एक जण पोलादी छिन्नी धरून फिरवत राहायचा आणि दुसरा तिच्यावर घण घालायचा. भोक पुरेसं खोल झालं की दारू ठासायची, वात लावायची आणि दूर व्हायचं.

त्या वातीशी कँबोर्नचं नातं आहे. पूर्वी वात म्हणून दारू भरलेली बोरूची नळी किंवा पिसाची दांडी वापरत. ती कधी भसकन पेटे, कधी रेंगाळून मग फुटे, आणि माणसं मरत, आंधळी होत. १८३१ मध्ये कँबोर्नला लागूनच असलेल्या टकिंगमिल या वस्तीत विल्यम बिकफर्ड यांनी दोराच्या विणीत दारू भरून ठरावीक वेगानं जळणारी वात तयार केली. बिकफर्ड खाणवाले नव्हते, चामड्याचे व्यापारी होते. पण अपघात त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. त्या एका दोरीनं जगभरच्या खाणींत किती जीव वाचवले असतील!

कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलचे, लोक यायच्या आधीचे खाणवाले वरवरचं शिसं काढून पुढे सरकत. कुणी टेकडीत बीळ करून हिवाळा काढी, म्हणून त्यांना बॅजर म्हणू लागले, आणि आज सगळं राज्य तेच नाव मिरवतं. पाणी लागलं, खडक कठीण झाला की ते खाण सोडून देत. नेमकं तिथून पुढचं कॉर्निश माणसाला येत होतं. कठीण खडक फोडणं, खोल जाणं, पाणी उपसणं हे त्याच्या घरात बापाकडून मुलाला मिळत असे. म्हणून मेक्सिकोतल्या चांदीपासून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या तांब्यापर्यंत त्यांना बोलावणी येत. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीही १८८० नंतर लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स कंपनीनं कॉर्निश खाणवाले आणून चालवल्या. विहीणबाईंच्या कागदावर मागे राहिलेल्या एका चुलत शाखेपुढे बारीक अक्षरात कोलार लिहिलेलं आहे. ती शाखा कुणी शोधलेली नाही. मी वहीत नोंद करून ठेवली आहे.

वर आल्यावर नात म्हणाली, "आजी, बारा वर्षांची मुलंपण खाली जायची?" कँबोर्नमध्ये जायची. इथे आलेल्या या मुलाला वडिलांनी आधी काही वर्षं खनिज धुण्याच्या कामावर वरच ठेवलं, असं घरात सांगतात. तिला तेवढ्यानंही बरं वाटलं.

सोमवार: मिनरल पॉइंट

या गावासाठीच आम्ही निघालो होतो. मिनरल पॉइंट आयोवा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे. आयोवा नावाचं शेजारी राज्यही आहे, म्हणून नावावरून घोटाळा होतो, पण ही काउंटी विस्कॉन्सिन राज्यातलीच. आज झोपाळलेलं, कुंभार आणि चित्रकारांचं हे छोटं गाव १८३० च्या दशकात मिलवॉकीपेक्षाही महत्त्वाचं होतं. सरकारी जमिनीच्या विक्रीची कचेरी इथे होती, आणि ४ जुलै १८३६ ला विस्कॉन्सिन प्रदेशाच्या पहिल्या गव्हर्नरनं, हेन्री डॉजनं, इथेच शपथ घेतली.

शेकरॅग स्ट्रीट एका अरुंद घळीतून जाते. एका बाजूला कॉर्निश खाणवाल्यांनी बांधलेली दगडी घरं आणि समोर खाणीची टेकडी. दुपारच्या जेवणाची वेळ झाली की बायका दारात फडकी हलवायच्या आणि पलीकडच्या टेकडीवरचे पुरुष ते पाहून घरी यायचे, अशी दंतकथा आहे. खाणीच्या तळाशी असलेल्याला फडकं कसं दिसणार, हा प्रश्न मी विचारला नाही. वरच्या माणसांना तरी दिसत असेलच.

घरं मात्र दंतकथा नाहीत. फिकट पिवळा चुनखडीचा दगड, दर्शनी बाजूला नीट घडवलेला आणि बाकीच्या भिंतींना ओबडधोबड. भिंती हातभर जाड, खिडक्या खोल. घराची मागची बाजू टेकडीत घुसवलेली, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब. खाणीत दगड फोडणाऱ्या हातांनीच संध्याकाळी ही घरं रचली. विसाव्या शतकात खाणी बसल्या आणि लोक ही घरं पाडून दगड विकू लागले. तेव्हा, १९३५ मध्ये, रॉबर्ट नील आणि एडगर हेलम या दोघांनी एक पडकं घर विकत घेतलं आणि स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं. मग दुसरं, तिसरं. घरांना पेंडार्व्हिस, ट्रलॉनी, पोल्पेरो अशी कॉर्निश नावं दिली. खर्च निघावा म्हणून कॉर्निश जेवण रांधून वाढलं: मांस, बटाटा, कांदा भरलेली पेस्टी, आणि केशराचा पाव. १९७० मध्ये त्यांनी सगळं राज्याच्या ऐतिहासिक संस्थेकडे सोपवलं. या दोघांनी ते वेळेवर केलं नसतं, तर आज आम्हाला दाखवायला दगडही उरला नसता. सरकारला जाग यायच्या कितीतरी आधी अशी कामं एकदोन हट्टी माणसांनीच केलेली असतात.

समोरच्या टेकडीवर, मेरी ख्रिसमस खाणीच्या जागी, आता उंच गवत आणि रानफुलं आहेत. पायवाटेच्या कडेला जागोजाग खोलगट खड्डे दिसतात. त्या बुजलेल्या खाणी. तिथे उभं राहून विहीणबाईंनी १८४९ ची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी आली आणि गावातले पुरुष निघून गेले. कँबोर्नहून आलेल्या त्या मुलाचे वडीलही गेले आणि दोन वर्षांनी रिकाम्या हातांनी परतले. तोवर शिशाचे वरचे थर संपत आले होते. गाव तगलं ते पुढे जस्तामुळे. पूर्वी ज्या खनिजाला निरुपयोगी समजून खाणवाले बाजूला फेकत, त्यात जस्त निघालं.

रात्री विधवेचे कागद वाचले आणि झोप उडाली.

वंशावळीत तिचं नुसतं पहिलं नाव होतं. फाइलनं तिचं माहेरचं आडनाव दिलं, जन्मगाव कॉर्नवॉलमधलं रेडरुथ दिलं, १८५९ मधल्या लग्नाची तारीख दिली. १८९० च्या कायद्यानं सैनिकाची विधवा, नवरा लढाईच्या जखमेनं गेलेला नसला तरी, महिन्याला ८ डॉलर मागू शकत होती. पण त्यासाठी सगळं सिद्ध करावं लागे: लग्न कायदेशीर होतं, दुसरं लग्न केलेलं नाही, रोजच्या मेहनतीखेरीज उपजीविकेचं साधन नाही. १९०१ मध्ये नवरा गेल्यावर ही बाई साठीच्या पुढे होती. तिनं काउंटीच्या नोटरीपुढे गाई किती, एकर किती, कर्ज किती ते शपथेवर सांगितलं. शेजारणींनी साक्षी दिल्या. एकीनं तर दोन बाळंतपणं आपण केली म्हणून मुलांच्या वयाची ग्वाही दिली. आणि या सगळ्या कागदांच्या तळाशी सहीच्या जागी फुली, बाजूला कारकुनानं लिहिलेलं तिचं नाव.

एका जबानीत तिनं सांगितलं आहे की नवऱ्याला १८६३ पासून नांगरामागे पूर्ण दिवस चालवत नसे. थोरला मुलगा हाताशी येईपर्यंत नांगर तिनंच धरला. विहीणबाईंनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. शेत केलं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ते कुणी केलं, हे पहिल्यांदा कळत होतं.

मंगळवार: डॉजव्हिल आणि लिंडन

मिनरल पॉइंटपासून आठ मैलांवर डॉजव्हिल. इथलं काउंटीचं न्यायालय १८५९ मध्ये बांधलेलं आहे, त्याच चुनखडीत, आणि विस्कॉन्सिनमध्ये अजून वापरात असलेलं ते सर्वांत जुनं न्यायालय. गावाला ज्याचं नाव दिलं तो हेन्री डॉज १८२७ मध्ये हो-चंक लोकांच्या जमिनीत सरळ घुसून बसला होता. खाणीत राबवायला त्यानं मिसूरीहून काळे गुलाम आणले. या मुलखात गुलामगिरीला कायद्यानं बंदी असतानाही त्यांना १८३८ पर्यंत मुक्त केलं नाही. ज्या युद्धात पुढे इथले कॉर्निश खाणवाले लढले, त्याचं कारण त्यांच्या स्वतःच्या काउंटीतही होतं. हे कुठल्या चौकातल्या पाटीवर ठळक लिहायला हवं, असं मला वाटतं.

जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन वेगळ्या सूची असतात. आडनाव धरून वर्ष शोधायचं, मग खंड आणि पान. सातबारा आणि फेरफार पाहायची सवय असलेल्या माणसाला इथे अडत नाही. कागद बोलतो तो त्याच क्रमानं. तिथल्या बाईंनी जाडजूड वह्या काढून दिल्या आणि विहीणबाईंना अर्ध्या तासात नोंद सापडली: १८६६, लिंडनजवळ ८० एकर, खासगी मालकाकडून खरेदी. सरकारी होमस्टेडची फुकट जमीन मिळाली असेल, अशी घरात समजूत होती. १८६२ च्या त्या कायद्यानं पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत होते खरे, पण चांगली मोकळी सरकारी जमीन तोवर पश्चिमेला सरकली होती. ज्यांना ती हवी होती ते डकोटा आणि नेब्रास्काकडे गेले. हे कुटुंब इथेच राहिलं, पैसे मोजून.

आणखी एक कागद निघाला. १८८९ मध्ये निम्मी जमीन, ४० एकर, विकली. त्या खतावर नवऱ्याच्या सहीखाली तिची फुली आहे, कारण बायकोचा हक्क सुटल्याशिवाय खरेदीदाराला स्वच्छ मालकी मिळत नसे. काल रात्रीच्या फाइलमधली तीच तिरकी फुली.

लिंडनला १८५१ चं, मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचं दगडी चर्च आहे. कॉर्निश लोक पक्के मेथडिस्ट. दारूबंदी, रविवारची शाळा आणि खुल्या गळ्यानं गाणं. चर्चपासून शेत दूर नाही. आताच्या मालकांना जावयांनी आधी पत्र लिहिलं होतं. त्यांनी गोठ्यामागून स्वतः आम्हाला वर नेलं. उतारावर गवत, खाली झरा, आणि कुरणाच्या मधोमध तीन खड्डे. ही जमीनही आधी खाणवाल्यांनी उकरलेली होती. अशी जमीन स्वस्त मिळे, कारण नांगराला खड्ड्यांची अडचण. तो सौदा एका खाणवाल्यालाच परवडला असणार. खड्डा किती खोल, बुजवायला काय लागेल, हे त्याला नजरेनं कळत होतं.

सुरुवातीला या भागात सगळे गहू पेरत. मग जमिनीचा कस गेला, किडीनं पिकं खाल्ली आणि पश्चिमेच्या नव्या जमिनींवरचा गहू रेल्वेनं स्वस्तात येऊ लागला. १८७० नंतर विस्कॉन्सिननं दुधाकडे मोर्चा वळवला. खेडोपाडी चीजचे कारखाने निघाले. १८९० मध्ये मॅडिसनच्या विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातली चरबी मोजायची सोपी पद्धत शोधली. तेव्हापासून दुधात पाणी घालणाऱ्याला आणि चांगलं दूध घालणाऱ्याला एकच भाव मिळणं बंद झालं. पाय अधू झालेल्या माणसाला गव्हापेक्षा गाई बऱ्या. आणि दूध काढायचं काम घराघरांत बायकामुलांकडेच होतं.

पाय अधू, हे मी आता लिहिते आहे. आम्हाला ते रात्री कळलं.

फाइलचा तळ गाठला होता. सरकारी डॉक्टरांच्या मंडळाच्या तपासण्या आल्या: डावा गुडघा, गोळी आत शिरून बाहेर पडल्याची खूण, सांधा पुरता वाकत नाही. अर्जदार धंद्यानं खाणकामगार, पण आता त्याला शिडी चढता-उतरता येत नाही. एवढंच. माणूस खाणीतून शेतात का गेला, याचं उत्तर त्या एका ओळीत होतं.

त्याखालचा शेवटचा कागद १८६३ चा, पेन्शनचा पहिला अर्ज. विहीणबाईंच्या वडिलांनी त्यांना लहानपणापासून सांगितलं होतं की पणजोबा गेटिसबर्गला लढले आणि तिथेच जखमी झाले. गेटिसबर्गची लढाई जुलै १८६३ ची. अर्जावर तारीख त्याच वर्षाच्या एप्रिलची. जखमेची जागा व्हर्जिनियातलं गेन्सव्हिल, दिवस २८ ऑगस्ट १८६२. मी तारीख दोनदा वाचली, मग कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या बाबांनी हे खोटं सांगितलं नसणार. त्यांना कुणीतरी तसं सांगितलं असेल." मलाही तसंच वाटतं. गेटिसबर्ग सगळ्या जगाला ठाऊक आहे. गेन्सव्हिलच्या रस्त्यावरचं ब्रॉनरचं शेत कुणाला ठाऊक?

म्हणून ते इथे सांगते. त्या दिवशी संध्याकाळी उत्तरेच्या सैन्यातले जनरल गिबन यांची ब्रिगेड रस्त्यानं चालली असताना दक्षिणेचा सेनानी स्टोनवॉल जॅक्सनच्या तोफा तिच्यावर सुटल्या. विस्कॉन्सिनची दुसरी रेजिमेंट सगळ्यात आधी पुढे झाली आणि बराच वेळ एकटी उभी राहिली. समोर जॅक्सनचे नावाजलेले शिपाई, मधे जेमतेम सत्तर-पंचाहत्तर मीटर, आडोसा नाही. अंधार पडेपर्यंत दोन्ही रांगा एकमेकींवर गोळ्या झाडत राहिल्या, कुणी मागे हटलं नाही. या रेजिमेंटचे ४३० पैकी २७६ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. तिचे कर्नल एडगर ओकॉनर तिथेच पडले. या ब्रिगेडला आयर्न ब्रिगेड हे नाव पडलं ते दोन-तीन आठवड्यांनी, साउथ माउंटनच्या लढाईत. तेव्हा आमचे हे शिपाई इस्पितळात होते.

बुधवार: दफनभूमी

सकाळी पाऊस. दुपारी उघडल्यावर दफनभूमीत गेलो. सरकारनं सैनिकांना दिलेला साधा पांढरा दगड, कोरलेल्या ढालीत नाव, खाली कंपनी 'आय', दुसरी विस्कॉन्सिन पायदळ. तिचा दगड शेजारी, आकारानं लहान, अक्षरं झिजलेली. जन्माचं वर्ष वाचता आलं नाही, पण आता फाइलमुळे ते ठाऊक होतं. नातीनं दोन्ही दगडांचे फोटो काढले आणि मोजमाप वहीत उतरवलं. लेक म्हणाली, "आई, तिच्या दगडावर माहेरचं आडनाव कोरून घेता येईल का?" विहीणबाई चौकशी करणार आहेत.

गुरुवार: मॅडिसन

राज्याची राजधानी पन्नासेक मैलांवर. विद्यापीठाच्या आवारात विस्कॉन्सिन ऐतिहासिक संस्थेचं ग्रंथालय आहे. उंच छताची वाचनाची दालनं, आणि कुणीही जाऊन बसावं अशी मोकळीक. राज्याच्या सगळ्या रेजिमेंटांचे हजेरीपट इथे मायक्रोफिल्मवर आहेत. फाइलमधल्या गोष्टीला दुसरा पुरावा हवा होता आणि तो मिळाला. दुसरी रेजिमेंट, कंपनी आय, मिनरल पॉइंटची 'मायनर्स गार्ड'. नाव, वय २५, जन्म इंग्लंड, धंदा खाणकाम, उंची पाच फूट पाच इंच, डोळे करडे. पुढे १८६२ च्या शरद ऋतूत शेरा: जखमी, गैरहजर. जानेवारी १८६३: अपंगत्वामुळे सेवामुक्त. कुटुंबाकडे त्यांचा एकही तरुणपणचा फोटो नाही. डोळ्यांचा रंग वाचून विहीणबाईंनी मान वर केली आणि मुलाकडे पाहिलं. जावयांचे डोळेही करडेच.

या कंपनीचे पहिले कॅप्टन मिनरल पॉइंटचे टॉमस ॲलन. एप्रिल १८६१ मध्ये लिंकननी स्वयंसेवक मागितले, तेव्हा ही पोरं लगेच निघाली. सुरुवातीला त्यांचा गणवेश राज्यानं दिलेला करडा होता. शत्रूचाही करडाच. जुलैमध्ये बुल रनच्या पहिल्या लढाईत त्यामुळे त्यांच्यावर आपल्याच बाजूच्या गोळ्याही आल्या. पगार महिन्याला १३ डॉलर. विस्कॉन्सिन राज्य सैनिकाच्या कुटुंबाला दरमहा आणखी ५ डॉलर देत होतं. त्यांची बायको दीड वर्ष त्यावर आणि शिवणकामावर राहिली. मार्च १८६३ मध्ये कायदा झाला की लढाईतल्या जखमेमुळे सुटलेल्यालाही भरतीसाठी कबूल केलेल्या बक्षिसाचे पूर्ण १०० डॉलर मिळावेत. फाइलमध्ये त्याची पावती आहे. तीन वर्षं त्यांनी खाणीच्या तोंडाशी, वरच्या वर, खनिजाच्या गाड्या हाकल्या आणि मग ते ८० एकर घेतले. आता मधल्या जागा भरत आल्या.

संध्याकाळी कॅम्प रँडलला गेलो. सत्तर हजारांच्या आसपास शिपाई जिथे तयार झाले, तिथे आता विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान आहे. बाहेर १९१२ ची दगडी कमान. आत कसलातरी सराव चालू होता. नातीनं विचारलं, ते इथे कुठे झोपायचे? तंबूंत, आणि राज्याच्या जत्रेसाठी बांधलेल्या गुरांच्या शेडमध्ये. ही जागा आधी जत्रेचं मैदान होती.

परतीच्या वाटेवर गाडीत वंशावळीचा कागद पुन्हा उलगडला गेला. गेटिसबर्ग खोडलं नाही, विहीणबाईंनी त्यापुढे कंस करून 'बाबा असं सांगायचे' असं लिहिलं आणि खाली ब्रॉनर फार्म. तिच्या नावापुढे माहेरचं आडनाव, रेडरुथ, आणि नांगर १८६६ पासून. शरद ऋतूत विहीणबाई आपल्या मुलाला घेऊन व्हर्जिनियाला जाणार आहेत. ब्रॉनरचं शेत मनासस रणभूमीच्या राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथे पायवाट आहे. रेडरुथला कॉर्नवॉलचं अभिलेखागार आहे. तिथे तिच्या आईवडिलांच्या नोंदीसाठी पत्र मी लिहायचं असं ठरलं आहे. त्याच पत्रात कोलारला गेलेल्या शाखेचंही विचारणार आहे.